वीस मिनिटे थांबणे

५ फेब्रुवारी

भाऊ,

वाकून नमस्कार, आणि वाकलेच आहे तर एक तक्रार करूनच उठते. तुमची गाडी आता चढ चढत नाही.

फोनवरच सांगणार होते. पण तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले की रक्तपेढीतल्या सगळ्या माना वळतात, म्हणून कागद काढला. तुमच्या खुर्चीवर बसून मला आठ महिने झाले. सासऱ्यांची खुर्ची सुनेला मिळाली यावर इथे सगळ्यांचे विनोद सांगून संपले, आता काम उरलं आहे.

तुम्ही संगणकासाठी लिहिलेली ती एकुलती एक स्क्रिप्ट अजून पहाटे पाचला आपोआप सुरू होते. पिशव्या मोजते, मुदत संपलेल्या बाजूला काढते, मग कुठल्या दवाखान्यात कुठल्या रुग्णाला कुठली पिशवी हे जुळवते आणि शेवटी ड्रायव्हरांच्या याद्या छापते. तुमच्या वेळी दवाखाने सात होते, सव्वासातला याद्या हातात पडायच्या. आता दवाखाने एकोणीस झालेत. काल याद्या निघाल्या साडेनऊला, आणि व्हॅन सुटायची वेळ आठ! ड्रायव्हर दारात उभे राहून माझ्याकडे असे बघतात, जणू सगळं रक्त मीच प्यायले.

तर माझ्या मनात आहे की तिचं काम पाच छोट्या स्क्रिप्टमध्ये वाटावं. परवानगी मागत नाही, पण ज्यांनी घर बांधलं त्यांना सांगितल्याशिवाय भिंत पाडू नये. शिवाय आईंची पिशवीही याच यादीतून निघते. सत्तावीस तारखेला त्यांचा रक्त घ्यायचा मंगळवार आहे. त्यांचा गट हजारात एकाचा, आणि ती पिशवी एक दिवसही चुकून चालणार नाही, हे मला कुणी सांगायला नको.

तुमचे चिरंजीव मजेत आहेत. मोजे अजून सोफ्याखालीच सापडतात.

तुमची सून


११ फेब्रुवारी

सूनबाई,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा रागाने आणि एकदा चष्मा लावून. कानामागून आली आणि तिखट झाली, असं हिला म्हणालो, तर ही म्हणाली, "बरं झालं, तुमचं सगळं अळणीच होतं."

खरं सांगू? निवृत्त झाल्यापासून मला कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं. लोक विचारतात ते गुडघ्याबद्दल. तेव्हा आता उंटावरून शेळ्या हाकतो, ऐकून घे.

वाट, जरूर वाट. पण एक ना धड भाराभर चिंध्या असं करू नकोस. पहिली फक्त मोजेल आणि मुदत बघेल. दुसरी आणि तिसरी दवाखाने निम्मे निम्मे घेतील. चौथीकडे फक्त दुर्मिळ गट. त्या पिशव्या मूठभर असतात, पण तिथे चुकलीस तर ती चूक माणसावर जाते. पाचवी याद्या छापेल.

भांडण लागेल ते दुसरी-तिसरीत. दोघींना एकच पिशवी दिसेल आणि दोघी ती वेगवेगळ्या रुग्णांना देऊन मोकळ्या होतील. म्हणून आधी पिशवीपुढे आपलं नाव टाकायचं, मग ती जुळवायला घ्यायची. नाव पडलेल्या पिशवीला दुसरीने हात लावायचा नाही. आणि पाचवीला घड्याळ लावून सोडू नकोस. चौघींनी "झालं" म्हटल्याशिवाय तिने जागचं हलायचं नाही.

एकदम सगळं मोडू नकोस. माझी जुनी बाजूला सांभाळून ठेव. म्हातारी माणसं अडगळीत बरी असतात, कधी लागतात.

हिचा आशीर्वाद. माझाही, पण ताठ मानेने.

भाऊ


२३ फेब्रुवारी

भाऊ,

जमलं! तुम्ही सांगितलं तसंच केलं, अक्षरशः. आठवडाभर जुन्या दिवसांच्या आकड्यांवर चालवून बघितलं. पहिल्या खेपेला दुसरी आणि तिसरी खरंच एकाच पिशवीवरून भांडल्या. तेव्हा मला तुमचं पत्र आठवलं आणि मी एकटीच खुर्चीत हसले. नाव टाकायची सक्ती केल्यावर सुतासारख्या सरळ झाल्या. शेजारच्या टेबलावरच्या लेखनिक बाईंना वाटलं, हिला आता सुट्टीची गरज आहे.

सोमवारपासून पाच जणी खऱ्या कामाला लागतील. साडेपाचला सुरू, आणि माझ्या हिशेबाने सव्वासहाला याद्या तयार. सव्वासहा, भाऊ! ड्रायव्हरांना चहा प्यायलासुद्धा वेळ मिळेल.

तुमचा सगळा प्रोग्रॅम ओळ न ओळ वाचला. काय सुंदर लिहिलंय हो तुम्ही. प्रत्येक ठिकाणी कारण लिहिलेलं. एकाच ठिकाणी नाही. दुर्मिळ गटाच्या आधी नुसतंच आहे, "येथे वीस मिनिटे थांबणे." डोकं खाजवलं. मग वाटलं, त्या वेळचं यंत्र दमत असेल, त्याला श्वास घ्यायला ठेवलं असेल. आताचं यंत्र दमत नाही, म्हणून ती ओळ काढून टाकली.

हे सगळं तुमच्यामुळे झालं. मी नुसती कात्री चालवली, कापड तुमचंच. मनापासून आभार मानते, आणि आभार मानू नकोस असं लिहिलंत तर पुन्हा मानेन.

तुमची सून


१ मार्च

सूनबाई,

शाबास. पाच जणींना सव्वासहाला मोकळं केलंस. माझ्या एकटीला मी सव्वासातच्या आत कधी मोकळं करू शकलो नव्हतो.

हिची तब्येत उत्तम. मंगळवारचं सगळं व्यवस्थित पार पडलं. इकडची काळजी करू नकोस.

एक बारीकसं काम कर. ती वीस मिनिटं होती तिथे परत घाल. कारण विचारू नकोस. म्हाताऱ्याचा हट्ट समज आणि घाल.

बाकी ठीक.

भाऊ


६ मार्च

भाऊ,

तुमचं एवढं छोटं पत्र पहिल्यांदाच आलं. रागावलात का?

ती एक ओळ तुमची आठवण म्हणून ठेवायची असेल तर मी कागदावर छापून भिंतीवर लावते, खरंच. पण प्रोग्रॅममध्ये कारणाशिवाय वीस मिनिटं कशी घालू? कारणाशिवाय काही लिहू नये, हे मी तुमच्याच प्रोग्रॅममधून शिकले. आता तुम्हीच उलटं सांगताय. पुढच्या महिन्यात आणखी दोन दवाखाने जोडले जाणार आहेत, मला मिनिट न मिनिट लागणार आहे.

आठवडाभर याद्या वेळेवर निघताहेत. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. ते तुमचं होतं असं मी तिथल्या तिथे सांगितलं.

इकडे एक गंमत. तळघरातल्या थंड खोलीत दुर्मिळ पिशव्या सांभाळणाऱ्या बाई आहेत ना, त्या हल्ली रोज सकाळी आठच्या आधी धापा टाकत वर येतात आणि व्हॅनपाशी घोटाळतात. ड्रायव्हरांशी कुजबुज चालते. इतकी वर्षं तळघरात काढली, आता बाईंना जरा माणसांत यावंसं वाटत असेल. मी हात करते, त्याही हात करतात.

रागावला असाल तर निदान लांबलचक रागवा.

तुमची सून


१० मार्च

सूनबाई बाळ,

आज मी लिहितेय. हे बागेत फिरायला गेलेत, म्हणून वेळ साधली. यांनी मला शपथ घातली होती. पण चाळीस वर्षांच्या संसारात यांच्या कितीतरी शपथा मी मोडल्यात, त्यात ही एक.

सत्तावीसच्या मंगळवारी सकाळी व्हॅन आली आणि तिच्यात माझी पिशवी नव्हती. नर्स म्हणाली, यादीत तुमच्या नावापुढे "उपलब्ध नाही" लिहिलंय. यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर कॉटवर बसल्याबसल्याच गरगरत होतं, चौथ्या आठवड्यात माझं तसंच होतं. मग दुपारी एकला तीच व्हॅन पुन्हा आली आणि ड्रायव्हरने माझी पिशवी आणून दिली. दुपारच्या फेरीत आमचा दवाखाना येत नाही. तुमच्या त्या तळघरातल्या बाईंनी त्याला हातापाया पडून पाठवलं होतं.

संध्याकाळी बाईंचाच फोन आला, मला. पिशवी आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या खोलीत होती. बाई सहाला येऊन तिथल्या पिशव्या हाताने मोजतात, वहीत लिहितात, मग दोन जिने चढून वर येऊन संगणकात भरतात, कारण त्या गारठ्यात संगणक टिकत नाही. पण त्या भरेपर्यंत तुझ्या याद्या छापूनसुद्धा झालेल्या असतात. तुझ्या चौथीला कालचाच आकडा दिसतो. बाई यादी बघायला गेल्या तेव्हा व्हॅन सुटली होती.

आणि ती वीस मिनिटं. अर्धा तास त्या थंड खोलीत राहून बाईंची बोटं लाकडासारखी होतात. हातमोजे घालून पिशवीवरची पातळ चिठ्ठी उलटत नाही, म्हणून उघड्या हाताने मोजतात. वर आल्या आल्या टंकायला बसल्या की तीनाचे आठ होतात. यांनी ते एकदा पाहिलं होतं. बाईंना हात शेकायला वेळ मिळावा म्हणून यांनी ती ओळ घातली, आणि कुणाला बोलले नाहीत. मलाही परवाच कळलं.

तेव्हापासून बाई रोज आठच्या आत तुझी यादी आपल्या वहीशी ताडून बघतात आणि राहिलेल्या पिशव्या ड्रायव्हरच्या हातात देतात. तुला सांगितलं नाही, कारण नव्या याद्यांच्या पहिल्याच आठवड्यात सुनेला कशाला तोंडावर पाडायचं, असं म्हणाल्या. आणि बोटांचं कळलं तर वरचे लोक त्यांच्या जागी तरुण मुलगी आणतील, हीही भीती आहेच. हे बोलले नाहीत, कारण तू यांना विचारायला आलीस याचं यांना इतकं अप्रूप वाटलंय की तुझा जीव थोडा थोडा झालेला यांना बघवला नसता. दोघांची झाकली मूठ. पण बाळ, मूठ झाकून रक्त पोचत नाही, म्हणून मी उघडली.

माझ्यासाठी रडत बसू नकोस. मी ठणठणीत आहे.

आई


१५ मार्च

आई, भाऊ,

पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसले. रडू नकोस म्हणालात, पण ते काही जमलं नाही. आईंना त्या अवस्थेत दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं ते मी, आणि त्याच दिवशी मी इथे सव्वासहाची बढाई मारत होते. क्षमा मागायलाही शब्द तोकडे पडताहेत. तरी मागते.

काल सहाला बाईंबरोबर तळघरात गेले. त्यांना वाटलं, मी तपासणीला आले. म्हटलं, मोजू लागायला आले. निम्म्या पिशव्या मी मोजल्या, उघड्या हातांनी. वर येऊन टंकायला बसले तर मला स्वतःचं नाव लिहिता येईना. बाई हसल्या, "ताई, आता अकराला बावीस म्हणाल." दोघी कपाला हात लावून बसलो. माझी बोटं वळायला चौदा मिनिटं लागली, आणि मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आहे. त्यांचा हात धरला. नुसतं म्हटलं, "बाई, माझ्या सासूबाईंना तुम्ही वाचवलंत." त्या म्हणाल्या, "दर चौथ्या मंगळवारची पिशवी ती. मला तोंडपाठ आहे."

कालच बदल केला. चौथी आता घड्याळ बघत नाही. बाई आकडे भरून कळ दाबतील, तेव्हाच ती हलेल. सातपर्यंत कळ दाबली गेली नाही तर माझा फोन वाजेल. कारण काय लिहावं ते समजेना. शेवटी लिहिलं, "दुर्मिळ पिशव्यांची मोजणी हाताने होते. ती पूर्ण होईपर्यंत थांबणे. ही ओळ काढू नये." बोटांचं लिहिलं नाही. वरिष्ठांना मात्र सांगितलं, की दोन आठवडे माझी चूक एका माणसाने रोज धावत निस्तरली आणि ते माणूस तळघरात आहे. पुढच्या आठवड्यात तिथे दाराबाहेर टेबल आणि हीटर येतोय, म्हणजे जिनाही वाचेल.

पण सव्वीस तारखेचा मंगळवार मला झेपणार नाही. पाच जणींवर माझा भरवसा उरलेला नाही. तुमची जुनी स्क्रिप्ट मी सांभाळून ठेवली आहे. त्या दिवशी तीच चालवते. इतर दवाखान्यांना उशीर होईल, तो मी सोसेन. आईंची पिशवी तरी नक्की निघेल.

तुमची सून


१९ मार्च

सूनबाई,

अजिबात नाही.

आधी माझी चूक ऐक. माझ्या वेळचे वरिष्ठ घड्याळ हातात धरून बसायचे. "बाईंची बोटं गरम होईपर्यंत" असं लिहिलं असतं तर बाईंनाच घरी पाठवलं असतं. म्हणून मी गप्प बसलो. पण तुला पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. तुला घड्याळावर जाऊ नको असं शिकवलं आणि मी स्वतः घड्याळावर गेलो होतो. बाईंना एखाद दिवशी पंचवीस मिनिटं लागली असती तर हिची पिशवी माझ्याच हातून चुकली असती, आणि तुझ्या सव्वासहाच्या हिशेबात तर ती वीस मिनिटं परत घालूनही पुरली नसती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आणि हे बघ. माझी एकटी थांबायची तेव्हा अख्खं शहर थांबायचं, सगळ्या दवाखान्यांची जुळवाजुळव बाईंच्या बोटांसाठी अडून राहायची. तू वाटणी केलीस म्हणून आता पहिली, दुसरी, तिसरी आपापलं काम उरकून मोकळ्या होतात आणि बाईंसाठी एकटी चौथी थांबते; शेवटी पाचवीला तेवढं छापायचं उरतं, तेही आठच्या व्हॅनआधी होतं. बाईंना हवा तेवढा वेळ मिळाला आणि कुणाचं काही अडलं नाही. हे मला कधी सुचलं नव्हतं. तू ते चूक करून शिकलीस. मी चूक झाकून ठेवून शिकायचाच राहिलो.

तेव्हा सव्वीसला माझी चालवायची नाही. पुसूनच टाक, नाहीतर हात तिकडे जाईल. हिची पिशवी तुझ्या पाच जणींवर सोड. मी हिला विचारलंय. "माझं रक्त आहे, मी सांगते," म्हणाली, आणि हो म्हणाली. दुसरी सोय मी केलेली नाही, आणि बाईंनाही सांगितलंय की त्या दिवशी व्हॅनपाशी जायचं नाही.

तू माझ्या घराची भिंत पाडलीस. उजेड आला, पोरी. तुझे उपकार आहेत.

भाऊ


२६ मार्च

सूनबाई बाळ,

कॉटवरूनच लिहितेय. डाव्या हातात सुई आहे, उजवा मोकळा, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस.

पिशवी पावणेनऊला आली. यादीत माझं नाव तिसरं, पुढे पिशवीचा नंबर, सगळं ठळक. नर्सने दोनदा ताडून पाहिलं. निम्मी आत गेलीय आणि गालांना ऊब आलीय. बाईंनाही कळव, आणि त्यांना माझा नमस्कार सांग. पाया पडते म्हणाले असते, पण त्या माझ्यापेक्षा लहान निघाल्या.

आता यांचं सांगते. अकरा वर्षं झाली मला रक्त घेताना. इतक्या मंगळवारांत हे खोलीत असे कधी बसलेच नाहीत. नोकरीत होते तेव्हाही रजा काढून सात वाजल्यापासून फाटकाशी उभे, व्हॅन वळली की धावत आत येऊन सांगायचे, "आली गं, आली." स्वतः लिहिलेल्या यादीवर यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. मला वाटायचं, स्वभाव आहे.

आज आल्या आल्या माझ्या शेजारची खुर्ची ओढली, पेपर उघडला, आणि पाच मिनिटांत डोळे मिटले. व्हॅन आली, नर्स पिशवी घेऊन आली, सुई लावली, आणि हे आपले घोरताहेत. नर्स म्हणाली, "आजोबांना उठवू का? दर वेळी हेच तर वाट बघत असतात."

मी म्हटलं, "राहू द्या. त्यांची सून आहे तिकडे."

आई